कपाटावर पडलेला वायफायचा डबा

(तरुण कार्यकर्त्यांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



'घरातला जुना राउटर असेल तर सोबत आणा' असं निरोपात लिहिलं होतं. समोरच्या टेबलावर बघतोय तर ढीगच लागलाय. पांढरे, काळे, दोन अँटेनांचे, चार अँटेनांचे. यातले बहुतेक डबे बिघडलेले नाहीत. घरच्यांनी इंटरनेटची कंपनी बदलली, नव्या कंपनीचा माणूस स्वतःचा डबा लावून गेला आणि जुना कपाटावर जाऊन बसला, एवढंच. त्या माणसाला तुम्ही विचारलं असेल, "हाच जुना चालणार नाही का?" आणि तो म्हणाला असेल, "नाही चालत, लॉक असतो."

त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. डब्याचा कोणता भाग खरोखर अडतो आणि कोणता अडत नाही, हे आज समजून घेऊ. पण त्याआधी एक प्रश्न: हा डबा मुळात आपला आहे का? पोरं हा प्रश्न सोडून थेट स्क्रू ड्रायव्हर उचलतात, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

कनेक्शन घेताना दिलेल्या पैशांची पावती शोधा. त्यावर 'सिक्युरिटी डिपॉझिट' लिहिलंय, 'भाडं' लिहिलंय की राउटरची किंमत म्हणून वेगळी रक्कम लावलीय, ते बघा. बऱ्याच कंपन्या डबा वापरायला देतात, विकत नाहीत. कनेक्शन बंद केलं की तो परत करायचा आणि डिपॉझिट परत घ्यायचं, असा करार असतो. असा डबा आपल्याकडे अमानत आहे. तो उघडायचा नाही, त्यात दुसरं सॉफ्टवेअर भरायचं नाही. आमच्या गल्लीतल्या एका खालांचे पंधराशे रुपये असेच अडकले. भाच्यानं व्हिडिओ बघून डब्यात काहीतरी भरलं, दिवे लागायचे बंद झाले आणि कंपनीनं तो परत घेताना 'खराब अवस्थेत' असा शेरा मारला. खाला घरी बसून ब्लाउज शिवतात. पंधराशे रुपये म्हणजे किती दिवसांचं काम, ते तुम्हीच मोजा.

तेव्हा डिपॉझिटचा डबा असेल तर आधी मागच्या स्टिकरचा फोटो काढा, त्यावर सीरियल नंबर असतो. मग कंपनीकडे डबा परत करा आणि परत केल्याची पोच लेखी घ्या. ॲडॉप्टरही त्यासोबत जातो, तो विसरला तर त्याचे पैसे कापले जाऊ शकतात. डिपॉझिट मिळालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून डॉकेट नंबर घ्यायचा. तिथं दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. दूरसंचारातल्या तक्रारींसाठी ट्रायनं २०१२ पासून ही दोन पायऱ्यांची पद्धत घालून दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही फोनमध्ये ठेवा. आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांमध्ये हमखास होते. खोली भाड्याची असते आणि कनेक्शन घरमालकाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर. मग डिपॉझिटही त्यांचंच. डबा तुमच्या कपाटावर असला तरी त्यांना विचारल्याशिवाय त्याचा निकाल लावू नका.

डबा विकत घेतलाय, पावती आहे, हे पक्कं झालं? मग आता यंत्राकडे वळू.

फायबरसोबत मिळणाऱ्या डब्यात सहसा दोन यंत्रं एकत्र असतात. एक ओएनटी: काचेच्या तारेतून येणारा प्रकाश घेऊन त्याचा इंटरनेटचा सिग्नल करणारं. दुसरं राउटर: तो सिग्नल घरातल्या मोबाईल-लॅपटॉपना वाटणारं आणि वायफाय सोडणारं. बाहेरून एकच प्लास्टिकचं खोकं दिसतं, म्हणून 'चालतो' किंवा 'चालत नाही' असं एकच उत्तर आपण शोधतो. उत्तरं दोन आहेत.

आधी ओएनटी. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक फायबर वाटेत फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरांना जाते. खाली येणारा प्रकाश या सगळ्या घरांत पोहोचतो. तुमचा डबा त्यातला फक्त तुमच्या नावचा मजकूर उचलतो. उलट दिशेनं, म्हणजे घरातून केंद्राकडे, सगळ्यांना एकच तार वापरायची असते. म्हणून केंद्रातलं यंत्र प्रत्येक डब्याला बोलण्याची वेळ ठरवून देतं. कोणता डबा कोणाचा हे ते मुख्यतः सीरियल नंबरवरून ओळखतं. जीपॉन पद्धतीत हा नंबर म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची चार अक्षरं आणि पुढे आठ आकडे-अक्षरं. स्टिकरवर तुम्हाला तो दिसेल.

आता जुन्या कंपनीचा डबा नव्या कंपनीच्या फायबरला जोडला तर काय होतं? लॉसचा लाल दिवा लागत नाही, म्हणजे प्रकाश पोहोचतोय. पण पॉनचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहतो. डबा हाक मारतोय आणि केंद्र ओळख देत नाही. यादीत त्याचं नाव नाही. याला कुलूप म्हणायचं की नोंदणीचा अभाव, ते तुम्ही ठरवा. कंपनीनं नंबर नोंदवला तर काही डबे चालूही शकतात, पण तंत्र जुळायला हवं. जुनी कंपनी ईपॉनवर असेल आणि नवी जीपॉनवर, तर कितीही नोंदणी केली तरी दोघांची भाषा वेगळीच. मोठ्या कंपन्या सहसा बाहेरचा डबा नोंदवत नाहीत. मोहल्ल्यातल्या छोट्या केबलवाल्याला मात्र विचारून बघा. तो तुम्हाला ओळखतो, आणि नवा डबा द्यायला नको असेल तर त्याचाही खर्च वाचतो.

जाता जाता: फायबर काढून तिच्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. आणि कंपनीला न विचारता कुठलाही ओएनटी तिच्या तारेत खोचून प्रयोग करू नका. चुकीच्या वेळी बोलणारा एक डबा त्या फाट्यावरच्या बाकी घरांचंही नेट पाडू शकतो. कंपन्या बाहेरच्या डब्याला नको म्हणतात तेव्हा हे कारण पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे.

कुलूप म्हणतात ते दुसरंच. ते सॉफ्टवेअरमध्ये असतं. तुम्हाला दिलेल्या लॉगिननं आत गेलात तर वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, पण इंटरनेट जोडणीची पानं दिसतच नाहीत. ती मोठ्या लॉगिनमागे असतात आणि ते कंपनीकडे असतं. शिवाय टीआर-०६९ नावाची एक पद्धत आहे. तिच्या आधारे कंपनीचा सर्व्हर दुरून डब्याच्या सेटिंग बदलतो. तुम्ही रिसेट दाबा, काहीही करा, नेट आलं की डबा पुन्हा कंपनीलाच विचारतो, 'मी कसा वागू?' कंपनीची बाजूही आहे. लाखो घरांत माणूस पाठवण्यापेक्षा दुरून दुरुस्ती स्वस्त पडते, आणि डबा तिनं सवलतीत दिलेला असतो. हे सगळं आपण तिचे ग्राहक असेपर्यंत पटतं. ग्राहक राहिलो नाही, डब्याचे पैसे पूर्ण दिलेत, तरी किल्ली तिच्याकडेच, हे मला पटत नाही.

आता कामाची गोष्ट. हे कुलूप इंटरनेट जोडणीच्या बाजूला असतं, म्हणजे जिथून नेट घरात येतं त्या दारावर. घरातल्या बाजूला, म्हणजे लॅन आणि वायफायला, बहुतेक वेळा ते नसतं. तेव्हा त्या दाराचा नादच सोडायचा. नव्या कंपनीचा डबा पुढच्या खोलीत नेट आणेल आणि जुना डबा त्याच्याकडून लॅन वायरनं नेट घेऊन मागच्या खोलीत वायफाय देईल. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. कुठलंही लॉक तोडावं लागत नाही.

आपल्याकडची घरं कशी असतात? पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, वर चढवलेली पत्र्याची किंवा स्लॅबची खोली. डबा पुढे दाराजवळ, कारण तार तिथूनच आत येते. आणि अभ्यास करणारी मुलगी वरच्या खोलीत, जिथे रेंजची एक काडी येते. ऑनलाइन फॉर्म भरताना पान अर्ध्यावर अडकतं, लेक्चरमध्ये आवाज तुटतो. मग ती खाली येऊन टीव्हीशेजारी बसते. तिच्यासाठी रेंज वाढवणारं नवं यंत्र घ्यायचं की कपाटावरचा डबा उतरवायचा, एवढाच सवाल आहे.

पद्धत सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून लिहून घ्या.

जुना डबा आधी एकटाच चालू करा, नव्याला जोडू नका. मागचं रिसेटचं बारीक भोक टाचणीनं दहा-पंधरा सेकंद दाबा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला वायरनं जोडा आणि स्टिकरवरचा पत्ता, बहुतेकदा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनही स्टिकरवर असतं. आत गेल्यावर पहिल्यांदा वायफायचं नाव आणि पासवर्ड ठरवा. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवी ठेवा. नव्या डब्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिलात तर मोबाईल घरात फिरताना बहुतेक वेळा आपणहून जवळचा डबा धरेल. २.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही डब्यांचे चॅनेल वेगळे ठेवा. १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातले दोन निवडा.

मग डब्याचा स्वतःचा पत्ता बदला. नव्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या. नव्याचा १९२.१६८.२९.१ असेल तर जुन्याचा १९२.१६८.२९.२५०. शेवटचा आकडा नवा डबा मोबाईलना जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा हवा. ती यादी नव्या डब्याच्या डीएचसीपीच्या पानावर दिसते. सेव्ह केल्यावर डबा नव्या पत्त्यावर जातो, तेव्हा त्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. आता डीएचसीपी बंद करा. हे शेवटीच करायचं. आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि आत जायला हातानं पत्ता टाकत बसावं लागेल.

झालं. आता नव्या डब्याच्या लॅन पोर्टमधून एक वायर काढा आणि जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा. वॅन लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही, तिथंच तर कुलूप आहे. वायर शंभर मीटरपर्यंत नेता येते, आपल्या घरात तेवढी लागणारच नाही. वायर घेताना तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर लवकर तुटते.

डीएचसीपी बंद करायची सोयच नसेल तर? काही डब्यांत ती पानंही लपवलेली असतात. मग हा बेत सोडा. एका घरात दोन डबे पत्ते वाटायला लागले की अर्ध्या मोबाईलना चुकीचा दरवाजा मिळतो, 'कधी चालतं, कधी नाही' असं होतं आणि घरातले तुम्हालाच बोल लावतात. आणि वेगाची अपेक्षा जुन्या डब्याच्या कुवतीइतकीच ठेवा. पुष्कळ जुन्या डब्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. लेक्चर आणि व्हिडिओ कॉलला तेवढं भरपूर झालं.

काहींच्या हातात ओएनटी नसलेला साधा राउटर असेल, ज्याच्या वॅन पोर्टला साधी लॅन वायर लागते. इमारतीत वायर फिरवणारे स्थानिक केबलवाले असे देतात. तो नशीबवान डबा. नव्या कंपनीकडेही तो पूर्ण चालू शकतो. नव्या कंपनीकडून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड घ्या. बीएसएनएलच्या फायबरलाही हीच पद्धत आहे. व्हीलॅन नंबर लागतो का ते विचारा. काही कंपन्या पहिल्या डब्याचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. मग सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही, आणि फोन करून 'मॅक रिलीज करा' म्हटलं की दोन मिनिटांत येतं. जोडणी झाली पण काही साइट अर्धवट उघडतात, असं झालं तर एमटीयू १४९२ करून बघा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० चे १४९२.

अशा साध्या राउटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर अडत असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हा मार्ग आहे. लिंक्सिस कंपनीनं आपल्या डब्ल्यूआरटी-५४जी राउटरमध्ये लिनक्स वापरलं होतं. लिनक्सचा परवाना सांगतो की वापरलंत तर तुमचे बदलही खुले करा. लोकांनी ते मागितलं, २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला आणि त्यातून पुढच्या वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो राउटरवर चालतो. पण मॉडेल आणि स्टिकरवरची व्हर्जन दोन्ही तंतोतंत जुळली तरच भरा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या डब्यांत आता तो मावत नाही. आणि ओएनटीवाल्या बहुतेक डब्यांसाठी तो नाहीच, तिथं वेळ घालवू नका.

इंटरनेटवर 'अनलॉक फर्मवेअर' म्हणून फायली फिरतात, आणि बाजारात दोनशे रुपयांत लॉक काढून देणारेही भेटतात. माझं मत विचाराल तर त्यांच्यापासून लांब राहा. घरातलं सगळं नेट या डब्यातून जातं. आत बसवलेली फाइल कोणी बनवली ते माहीत नसेल तर बँकेचं पान उघडताना तुम्ही कुठे पोहोचताय, तेही माहीत नाही. कोणी डबा 'करून' दिला असेलच तर निदान डीएनएसचं पान उघडून तिथं कोणाचा पत्ता भरलाय ते बघा. दुरून लॉगिनची सोय बंद करा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या जवळजवळ ९ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. हल्लेखोर दुरून दुरुस्तीसाठी ठेवलेल्या पोर्टवरच आले होते. कंपनीसाठी उघडं ठेवलेलं दार कंपनीपुरतंच उघडं राहत नाही.

जर्मनीचं नाव निघालंच आहे तर त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. तिथं कंपनीनं दिलेलाच राउटर वापरण्याच्या सक्तीला लोक 'राउटर-जबरदस्ती' अशा अर्थाच्या शब्दानं ओळखत. १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानं ती संपली. कंपनीची हद्द भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत, पुढचं यंत्र ग्राहकाच्या पसंतीचं, आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीनं न मागता, फुकट द्यायची. इटलीच्या नियामकानं २०१८ मध्ये असाच निर्णय दिला. त्याही आधी, १९६८ मध्ये, अमेरिकेत कार्टरफोन प्रकरणात ठरलं होतं की टेलिफोनच्या जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं यंत्र जोडता येईल. आपल्याकडेही लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडच्या काळात लोक बाजारातून मोडेम आणून बीएसएनएलला जोडायचे आणि ते बिनबोभाट चालायचं. म्हणजे ही मागणी अव्वाच्या सव्वा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क मानायचा तर विकत घेतलेल्या राउटरची किल्लीही त्यात धरली पाहिजे, असं आपण लिहून कळवायला हवं. पत्राचा मसुदा तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आज संध्याकाळी बसून करावा, मी मदतीला आहे.

तोवर नवीन कनेक्शन घेताना घरच्यांच्या शेजारी तुम्ही उभे राहा. डबा विकत की डिपॉझिटवर, ते लेखी घ्या. 'ब्रिज मोड' देता का, हे विचारा. त्यात कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचा सिग्नल करतो आणि राउटरचं सगळं काम तुमचा स्वतःचा राउटर करतो. पैसे घालायचेच असतील तर अशा साध्या, वॅन पोर्टच्या राउटरमध्ये घाला. कंपनी तीनदा बदलली तरी तो तुमच्याकडेच राहतो आणि घरातल्या कोणालाही नवा पासवर्ड टाकावा लागत नाही.

आता उठूया. डाव्या टेबलावर डिपॉझिटचे डबे ठेवा, ते उद्या परत जातील. मधल्या टेबलावर विकत घेतलेले, त्यांचे ॲक्सेस पॉइंट करायचे. पहिले दोन इथल्या अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यासाठी लागतील. उजवीकडे मेलेले. ते भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे जातील. चालू डबा दुसऱ्याला देणार असाल तर आधी रिसेट करा, आत तुमच्या घरचे पासवर्ड आहेत. आणि ॲडॉप्टर ज्याचा त्यालाच बांधून ठेवा. दिसायला सगळे सारखे, पण कोणी ९ व्होल्टचा असतो, कोणी १२ चा.